पुढच्या ब्रेकची भीती काढून टाका



दसऱ्याला आपण औजारं पूजतो. नांगर, कुळव, पंप, ट्रॅक्टर यांच्या रांगेत आता मोटारसायकलही उभी असते. तिला झेंडूचा हार घालतो, हळद-कुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण त्याच गाडीच्या ब्रेकची केबल शेवटची कधी बघितली, असं कुणी विचारलं तर आपण एकमेकांच्या तोंडाकडं बघतो. फवारणी पंपाचा नोझल चोंदला तर जागेवर साफ करतो. ब्रेकच्या बाबतीत मात्र ‘चालतंय की’ म्हणून वर्ष काढतो.

या पानावर एरवी पाचट, हुमणी, बीजप्रक्रिया असे विषय असतात. आज ब्रेकवर लिहितोय, त्याला कारण आहे. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला किंवा त्याला अपंगत्व आलं, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा प्रस्ताव तालुका कृषी कार्यालयात येतो. कृषी विस्ताराचं काम करताना असे कागद माझ्याही हातातून जातात. सातबारा, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वारसाचा दाखला. साप चावल्याचे, विजेचा धक्का बसल्याचे, विहिरीत पडल्याचे प्रस्ताव असतातच. पण मोटारसायकलचा कागद समोर आला की मन जास्त खट्टू होतं. कारण त्यातले कितीतरी अपघात टळण्यासारखे असतात. मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. ते घराला उपयोगी पडतात, पण रब्बीच्या पेरणीला माणूस लागतो, तो कुठून आणायचा?

माझ्यावरच आलेली वेळ

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःची चूक सांगतो. मी गाडी शिकलो ती आमच्या चुलत्यांच्या राजदूतवर. आबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पुढचा ब्रेक दाबू नको, कोलांटी खाशील. पायातलाच वापर.” आबांचा शब्द मी पंधरा वर्षं पाळला. कऱ्हाड-पाटण भागात रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवली, पण उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर कधी गेली नाहीत.

चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरअखेर सोयाबीनचा पीक कापणी प्रयोग उरकून संध्याकाळी घरी निघालो होतो. दिवस मावळला होता. डांबरी रस्ता कोरडा, सरळ. वेग पंचेचाळीसच्या आसपास असेल. पुढं उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दिसली तेव्हा उजव्या पायावर सगळा भार टाकून ब्रेक दाबला. मागचं चाक जाम झालं, गाडी फरफटत गेली, मागचा भाग डावीकडं फिरला आणि मी ट्रॉलीच्या चाकावर जाऊन आदळलो. गळ्याजवळचं हाड मोडलं. डोक्यात हेल्मेट होतं म्हणून आज हे लिहितोय.

दीड महिना हात गळ्यात होता. रब्बीच्या बैठका सहकाऱ्यांनी सांभाळल्या. घरी गाडी दुरुस्तीला नेली तेव्हा गावातल्या मिस्त्रीनं जे सांगितलं ते अजून कानात आहे. म्हणाला, “साहेब, तुमच्या पुढच्या ब्रेकची केबल गंजून बसलीय. ती तुम्ही कधी ओढलीच नाही वाटतं.” नंतर त्या जागेवर जाऊन बघितलं. डांबरावर माझ्या मागच्या चाकाचा काळा पट्टा उमटला होता. पावलांनी मोजला, अठरा पावलं भरला. अठरा पावलं गाडी घासत गेली आणि तरी थांबली नव्हती. पुढचा ब्रेक चालू असता आणि मला तो धरता आला असता, तर निदान धडक एवढ्या जोरात बसली नसती.

आबांचा काही दोष नाही. त्यांच्या वेळी रस्ते मुरमाचे होते आणि सांगायला कुणी नव्हतं. पण तेच वाक्य आजही बाप पोराला सांगतो, म्हणून हा लेख.

पुढचा ब्रेक जास्त का धरतो?

एसटीत उभं राहून प्रवास केलाय ना? ड्रायव्हरनं ब्रेक मारला की सगळी माणसं पुढं झुकतात. मोटारसायकलचंही तसंच होतं. ब्रेक लागला की गाडीचा आणि तुमचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं.

आता कुळव आठवा. रिकामा कुळव रानावर नुसता घसरत जातो. त्यावर दगड ठेवला की फास जमिनीत बसते. चाकाचंही असंच. ज्या चाकावर भार, ते रस्ता धरतं. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबवण्याचं दोन तृतीयांशाहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. मागचं चाक हलकं असल्यामुळं जोरात दाबलं की जाम होतं. जाम झालेलं चाक फिरत नाही, नुसतं घसरतं आणि गाडी आडवी होते. फक्त पायातल्या ब्रेकवर विसंबणारा माणूस ब्रेक मारत असतो, पण गाडीची थांबण्याची निम्म्याहून जास्त ताकद वापरतच नाही.

मग पुढच्या ब्रेकनं माणसं पडतात ती का? पडतात, हे खरंच आहे. पण त्याची कारणं ठरलेली आहेत. एक, लिव्हर एकदम झटक्यानं आवळणं. दुसरं, हँडल वळलेलं असताना ब्रेक मारणं. तिसरं, खडी, मुरूम, चिखल, ओलं पाचट यावर जोरात ब्रेक मारणं. चूक ब्रेकची नसते, धरण्याच्या पद्धतीची असते.

ब्रेक धरायचा कसा?

म्हशीची धार काढताना सड झटक्यानं ओढला तर ती लाथ घालते. हात बसवून एकसारखा दाब दिला की धार लागते. पुढचा ब्रेक तसाच धरायचा.

• आधी अॅक्सिलरेटर सोडा. इंजिनच गाडीला मागं ओढायला लागतं.

• हँडल सरळ ठेवा, नजर लांब ठेवा. ज्या खड्ड्याकडं किंवा ट्रॉलीकडं टक लावाल, तिकडंच गाडी जाते.

• दोन्ही ब्रेक एका वेळी लावा. पायाचा बेताचा. हाताचा आधी हलका, भार पुढच्या चाकावर आला की मग वाढवत न्या.

• रोजच्या थांबण्यात क्लच अगदी शेवटी दाबा. आधीच दाबला तर इंजिनचा आधार जातो.

• मागचं चाक घसरतंय असं वाटलं तर पाय थोडा हलका करा. पुढचं चाक घसरलं तर लिव्हर लगेच सोडा आणि पुन्हा हलक्या हातानं धरा.

• वळणावर ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका. वेग वळणाच्या आधी कमी करा.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून सोडणारी मंडळी आहेत. कुंभार्ली घाटात असं कुणी करत असेल तर त्यानं जिवाशी खेळ चालवलाय. गिअर नसला की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की धरायचे कमी होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. वाचलेल्या पेट्रोलमध्ये लायनरसुद्धा येत नाहीत.

गुंठ्यात मोजा

किलोमीटरचा आकडा डोळ्यासमोर उभा राहत नाही. गुंठा राहतो. गुंठ्याची बाजू ३३ फूट.

ताशी ४० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात सुमारे ३६ फूट जाते. म्हणजे कुत्रं आडवं आल्याचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक गुंठा मागं पडतो. मग दोन्ही ब्रेक नीट लागले, रस्ता कोरडा असला, तर आणखी साधारण एक गुंठा लागतो. एकूण दोन गुंठे.

वेग ६० केला तर? आपल्याला वाटतं दीडपट, म्हणजे तीन गुंठे. तसं होत नाही. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. वेग दुप्पट झाला तर ते अंतर चौपट होतं. ६० च्या वेगाला विचाराचा वेळ धरून एका रांगेत जवळजवळ चार गुंठे लागतात. हे दोन्ही ब्रेक वापरणाऱ्या, सराव असलेल्या माणसाचं. नुसता पायातला ब्रेक असेल किंवा रस्ता ओला असेल, तर अंतर आणखी पुष्कळ वाढतं.

रात्री आपल्या जुन्या गाडीचा डिप्परचा उजेड किती गुंठ्यांपर्यंत पडतो, ते एकदा बघा. उजेडाच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. त्यापेक्षा जास्त वेग म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणं.

सध्याचे दिवस जास्त जोखमीचे

सोयाबीनची मळणी आणि उसाची तोडणी हे दोन्ही हंगाम आपल्याकडं पाठोपाठ येतात. रस्त्यावर सोयाबीन, भात, ज्वारी वाळत घातलेली असते. दाण्यावर चाक गेलं की बेअरिंगवर गेल्यासारखं होतं. तिथं कुठलाच ब्रेक नीट धरत नाही. रास दिसली की लांबूनच वेग कमी करा आणि तिच्यावरून जाताना ब्रेक न लावता, हँडल सरळ ठेवून जा.

ऊस वाहतुकीच्या रस्त्यावर पाचट, वाडं, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल पडलेला असतो. दव पडलं की त्यावर शेवाळासारखं निसरडं होतं. पहाटे डेअरीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पहिल्या पावसातही तसंच. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं ऑईल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते.

ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली किंवा पंपाच्या पाण्यानं धुतली, की ड्रममध्ये पाणी जातं आणि ब्रेक धरत नाही. बाहेर आल्यावर सावकाश जात ब्रेक हलके लावून धरा. थोड्या अंतरात ते कोरडे होतात. धरतायत याची खात्री झाल्यावरच वेग घ्या.

गाडीवर ओझं किती?

मोटारसायकल ही आपली बैलगाडी झालीय. दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरच्या किटल्या लावल्या की नुसतं दूधच चाळीस किलोच्या वर जातं. युरियाची गोणी ४५ किलोची. मागं बायको, पुढं टाकीवर पोरगं आणि हँडलला पिशवी. ओझं वाढलं की थांबायला जागा जास्त लागते. कॅरिअरला मागं फार ओझं झालं की पुढचं चाक हलकं पडून हँडल वळवळतं. हँडलची पिशवी ऐनवेळी ब्रेकच्या लिव्हरमध्ये अडकते.

ओझं न्यावंच लागतं, हे मला कळतं. पण ते शक्यतो सीटजवळ, दोन्ही बाजूंना सारखं, घट्ट बांधून न्या. मागच्या टायरची हवा त्या मानानं ठेवा. आणि ओझं असेल त्या दिवशी वेग वीसनं कमी करा. मागं बसणाऱ्या बाईचा पदर आणि ओढणी आवरलेली असावी. साडी गार्ड काढून टाकू नका, तो कायद्यानंच आवश्यक केलेला आहे.

महिन्यातून एकदा दहा मिनिटं

ड्रम ब्रेक: पायाचा ब्रेक लागायच्या आधी पॅडल किती खाली जातं ते बघा. बहुतेक साध्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर खेळ ठेवतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असतो. मागच्या चाकापाशी बऱ्याच गाड्यांना लायनर झिजल्याचं दाखवणारा बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो ड्रमच्या झाकणावरच्या खुणेला जाऊन मिळाला, की लायनर बदलायचे. नट आवळून दिवस ढकलायचे नाहीत.

पुढची केबल: तारा तुटल्यात का, गंज आहे का बघा. केबलमध्ये तेलाचे थेंब सोडा. माझी केबल पंधरा मिनिटांच्या कामाअभावी बसली होती.

डिस्क ब्रेक: हँडलवरच्या डबीच्या काचेत ब्रेक ऑईलची पातळी दिसते. कमी असेल तर मिस्त्रीला दाखवा, कारण पॅड झिजलेले किंवा कुठं गळती असू शकते. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच ऑईल टाका. साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावं. डिस्कला किंवा लायनरला तेल-ग्रीस लागू देऊ नका. चेनला ऑईल सोडताना घाई करणाऱ्यांकडून नेमकं हेच होतं.

टायर गुळगुळीत झाला असेल तर ब्रेक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. रस्ता टायर धरतो, ब्रेक फक्त चाक धरतो.

नव्या गाडीवर सगळं सोडू नका

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस, तर त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस असणं बंधनकारक झालं. सीबीएस असलेल्या मोटारसायकलचा पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. थोडाच. हाताचा ब्रेक वापरायचा राहतोच. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही. जोरात ब्रेक लावल्यावर लिव्हर थरथरते, तेव्हा घाबरून हात सोडू नका, धरून ठेवा. पुष्कळ गाड्यांना एबीएस पुढच्याच चाकाला असतो, मागचं चाक तेव्हाही जाम होऊ शकतं.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्यासाठी

केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरात ४४ च्या वर. गावपातळीवर चार गोष्टी हातात आहेत. गतिरोधकावर पांढरे पट्टे मारून घ्या, रात्री न दिसणारा गतिरोधक स्वतःच अपघात करतो. मळणीसाठी गायरानात किंवा शाळेच्या मागं जागा ठरवून द्या, म्हणजे रास रस्त्यावर येणार नाही. गावातल्या प्रत्येक ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय हंगाम सुरू होऊ देऊ नका. आणि पंक्चर काढून झाल्यावर चाकाला लावलेले दगड रस्त्यातच टाकून जाणाऱ्यांना ग्रामसभेत समज द्या. असा एक दगड रात्री कुणाच्या पोराच्या चाकाखाली येईल, सांगता येत नाही.

अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्यावर साक्षीदार होण्याची किंवा नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं तसं संरक्षण दिलं आहे.

आणखी एक. सुरुवातीला सांगितलेल्या योजनेत प्रस्ताव ३० दिवसांत द्यायचा असतो. दारू पिऊन गाडी चालवताना अपघात झाला तर लाभ मिळत नाही. शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल तर परवान्याचा प्रश्न निघतो. वीस वर्षं गाडी चालवतोय पण लायसन नाही, अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांनी या महिन्यात ते काढून घ्यावं.

येत्या रविवारी एवढं करा

सोपं प्रात्यक्षिक आहे. वर्दळ नसलेला, कोरडा, सरळ डांबरी रस्ता निवडा. हेल्मेट घाला, पट्टा लावा. रस्त्याच्या कडेला चुन्याची खूण करा. ताशी २० किलोमीटर वेगानं या आणि खुणेपाशी फक्त पायाचा ब्रेक लावा. कुठं थांबलात, तिथं दुसरी खूण करा. मग फक्त हाताचा, सावकाश आवळत. मग दोन्ही मिळून. तीन खुणांमधलं अंतर पावलांनी मोजा. हात बसला की वेग ३० करा. पुढचं लेखात वाचून पटत नाही, पावलांनी मोजलं की पटतं. शेतीशाळेत आपण बीजप्रक्रिया केलेली आणि न केलेली ओळ शेजारी शेजारी लावून बघतो, तसंच हे.

पोरगा गाडी शिकत असेल तर त्याला सोबत न्या. मी माझ्या पुतण्याला नेलं होतं. पहिल्यांदा त्याचीही बोटं लिव्हरकडं जाईनात. दहा-बारा वेळा केल्यावर आपोआप जायला लागली. ऐनवेळी विचार करायला सवड नसते, त्या वेळी हाताला जी सवय असते तेच हात करतो. म्हणून सवय आधी लावायची.

दोन महिन्यांपूर्वी आबांनाही मी हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “मग इतकी वर्षं आम्ही काय अर्ध्याच ब्रेकवर फिरलो म्हण की!” दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर गाडी अंगणात आडवी करून पुढच्या केबलला तेल सोडत बसले होते.

तुम्हीही उद्या सकाळी गाडी काढायच्या आधी पुढची लिव्हर एकदा दाबून बघा. ती मोकळी असेल तर वापरायला शिका. बसलेली असेल तर गाडी आधी मिस्त्रीकडं न्या, रानाकडं नंतर.